उजव्या पायाचा उपास

परवा सकाळी बाहेर पडले आणि बुटाखाली खडी करकरली. बर्लिनमध्ये थंडी कडक झाली की फुटपाथवर बारीक, करडी, टोकदार खडी पसरतात, गोठलेल्या पाण्यावरून माणसं घसरू नयेत म्हणून. मग ती खडी सगळीकडे होते. जिन्यात, ऊ-बानच्या म्हणजे भुयारी रेल्वेच्या डब्यात, दारातल्या पायपुसण्यात, आणि का कोण जाणे, कधीकधी मोज्यातही. ग्रंथालयात फेब्रुवारीत सगळे परीक्षेला बसल्यासारखे गप्प असतात, तेव्हा टेबलांखालून तेवढा एक आवाज येत राहतो. कुणीतरी पाय हलवतं आणि खडी करकरते.

तो आवाज आला की माझा उजवा पाय जरा आखडतो. मी काही आठवायच्या आधीच. पाय दचकतो, मग मला कळतं की ते दिवस परत आलेत.

माझा गुडघा आता बरा आहे, हे आधीच सांगून टाकते. काळजी आहे ती आईच्या गुडघ्याची. बार्शीला, आमच्या दुकानात बसलेल्या आईच्या डाव्या गुडघ्याची. या वैशाखात आमच्या शेजारच्या पूजाचं लग्न आहे. तिला चुडा आईच्याच हातून भरून हवाय, आणि आई म्हणते, "मी न्हाई जात. तुझी काकू जाईल."

आमचं दुकान बांगड्यांचं. आप्पा माल आणतात, हिशोब बघतात, आणि बांगड्या भरायचं काम आईचं. तिच्या हाताबद्दल पेठेत बोलतात. बाई समोर येऊन बसली की आई तिचा हात आपल्या हातात घेते, अंगठ्याच्या मुळाशी हळूच दाबते, "हात सैल सोड गं" म्हणते आणि लगेच विचारते, सासू बरी आहे का, मुलाची दहावी यंदा का पुढल्या साली. बाई सासूबद्दल सांगत असते तोवर काचेची बांगडी मनगटावर गेलेली असते. लग्नघरी चुडा भरायचा म्हणजे नवरी पाटावर आणि आई तिच्यासमोर जमिनीवर, एक मांडी मुडपून. आजूबाजूला सगळ्या बायका. लहानपणी मला वाटायचं, लग्नात नवरीच्या खालोखाल मान माझ्या आईचाच असतो. अजूनही मला तसंच वाटतं.

आता आई दुकानात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसते. खाली बसली की उठवत नाही. लग्नघरी काकू जाते.

माझ्या गुडघ्याची गोष्ट इथल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यातली. बार्शीहून आणलेले पांढरे बूट घालून मी प्रयोगशाळेत निघाले होते. आमच्या इमारतीच्या अंगणातच घसरले. पडताना पाय खाली राहिला, अंग वळलं, आणि गुडघ्याची वाटी बाजूला सरकलेली मी माझ्या डोळ्यांनी बघितली. ती परत जागेवर गेली तेव्हा झालेला आवाज मात्र लिहायला नको. माझ्याबरोबर राहणारी केतकी वरून धावत आली. ती पुण्याची, इथे माझ्या आधीपासून शिकत होती, आणि घाबरली की तिच्या तोंडून जर्मन यायचं. मला उचलताना ती सारखी "गूट, गूट, अल्लेस गूट", म्हणजे सगळं ठीक, असं म्हणत होती आणि काहीही गूट नव्हतं.

ऑपरेशन लागलं नाही. पायाला पट्टे लावलेली फळी बांधली. मी खोलीत, खिडकीला टेकवलेल्या पलंगावर. बाहेर दुपारी चारलाच अंधार. हीटरची टकटक, केतकीच्या आमटीचा वास, आणि मांडीवर उघडं पडलेलं पुस्तक. फेब्रुवारीच्या शेवटी प्रात्यक्षिक परीक्षा होती. यंत्रापाशी उभं राहून, स्वतःच्या हातांनी मोजमाप घेऊन द्यायची. ती चुकली की सेमिस्टर पुढे जाणार होतं.

आप्पा फोनवर फार बोलत नाहीत. त्या आठवड्यात मात्र बोलले.

"हे बघ, हाडाचं दुखणं घरीच बरं होतं. तिथं कोण हाय तुला? परीक्षा न्हाई झाली तर परत ये. कुणी काय म्हणत न्हाई."

कुणी काय म्हणत न्हाई, यातच सगळं आलं होतं. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजला कुणी गेलेलं नाही. मी परत आले असते तर खरंच कुणी काही म्हणालं नसतं. फक्त पुढच्या वेळी कुणाच्या मुलीनं लांब जायचं म्हटलं असतं, तर त्या घरात माझं नाव निघालं असतं.

फळी काढली त्या दिवशी मी माझा पाय ओळखला नाही. डावी मांडी होती तशी होती. उजवी सुकलेल्या दोडक्यासारखी, कातडी सैल, आणि गुडघा मात्र सुजून गोल. दोन वेगळ्या माणसांचे पाय एका अंगाला लावल्यासारखे दिसत होते.

व्यायाम शिकवायला फ्राऊ लिंडनर म्हणून बाई होत्या. उंच, करड्या केसांच्या, मोजकं बोलणाऱ्या. मला वाटलं होतं, मोठमोठी यंत्रं असतील, वजनं असतील. त्यांनी कपाटातून एक टॉवेल काढला, त्याची गुंडाळी केली आणि पाय लांब करून बसलेल्या माझ्या गुडघ्याखाली सरकवली.

"आल्झो," त्या म्हणाल्या, "तर मग, पावलं तुमच्याकडे ओढा. आणि गुडघ्यानं टॉवेल खाली दाबा. एवढंच."

मी दाबला. म्हणजे मनात दाबला. पाय तसाच पडून राहिला. मी पुन्हा दाबला, दात आवळले, श्वास रोखला, मान ताठ झाली, हाताच्या मुठी वळल्या. मांडीला काहीही कळलं नाही. आपण हाक मारावी आणि समोरच्या माणसानं वळूनही बघू नये, तसं. मला रडू आलं. मी ते दाबलं. तेवढं तरी दाबता आलं.

फ्राऊ लिंडनर थांबल्या. मग त्यांनी माझाच हात उचलून माझ्या मांडीवर, गुडघ्याच्या थोडा वर, आतल्या बाजूला ठेवला. "हा स्नायू," त्या म्हणाल्या. "गुडघा सुजला की हा गप्प होतो. मेलेला नाही. तुम्ही श्वास घ्या आणि बोटं तिथेच ठेवा. ताकद लावू नका. त्याची वाट बघा."

त्या दिवशी काही झालं नाही. पण दोन-तीन दिवसांनी, खोलीत, केतकीच्या निळ्या टॉवेलवर पाय ठेवून बसले असताना, बोटांखाली काहीतरी फडफडलं. डोळ्याची पापणी लवते तेवढंच. मी ओरडले. केतकी हातात पोळीचं पीठ घेऊनच आली.

"काय झालं? पुन्हा सरकली का वाटी?"

"हललं! इथे बघ, हात लाव."

तिनं पिठाचा हात माझ्या मांडीवर ठेवला. मी दाबलं. ती जरा वेळ गंभीर तोंड करून बसली, पोटातल्या बाळाची हालचाल बघतात तशी, आणि म्हणाली, "गेनाऊ, अगदी बरोबर. आहे, आहे, काहीतरी आहे. पेढे कधी?"

पुढे रोज तेच. गुडघ्यानं टॉवेल दाबायचा, मांडी घट्ट झाली की ती थोडा वेळ तशी धरायची, श्वास चालू ठेवायचा, मग हळूहळू सोडायची. सोडणंही हळूच. नीट दाबलं की गुडघ्याची वाटी कातडीखाली जराशी वर सरकताना दिसते. जी वाटी बाजूला पळाली होती ती आता सरळ रेषेत वर जाते आणि सरळ खाली येते, हे बघताना मला फार बरं वाटायचं. मी यंत्रांचं शिकते. एखादी गोष्ट आपल्या रुळावरून चालली की बरं वाटतं.

हे सगळं आईला सांगताना मात्र माझी तारांबळ व्हायची. मी सकाळी व्यायाम करायची तेव्हा बार्शीत दुपार असायची, दुकानातली गर्दी ओसरलेली. मी फोन पलंगासमोरच्या खुर्चीवर उभा करायची. तिकडे आई मागच्या बाजूला, बांगड्यांच्या कपाटाला टेकून बसलेली असायची.

"टावेल दाबून गुडघा बरा हुतो व्हय? तेल लावलंस का?"

"तेलानं नाही गं. मांडीत ताकद यायला पाहिजे."

"दुखतोय गुडघा आन् मेहनत मांडीला?"

"मांडीनं गुडघ्याला धरून ठेवायचं असतं. तिनं सोडलं की सगळा भार गुडघ्यावर येतो."

आईनं कपाटाला नीट पाठ टेकवली. मग म्हणाली, "संसारागत हाय की." मागून आप्पांचं खाकरणं ऐकू आलं.

आणि एके दिवशी माझ्या लक्षात आलं, की पडद्यावर आईचाही पाय लांब केलेला आहे. जुन्या लुगड्याची घट्ट गुंडाळी करून तिनं गुडघ्याखाली घेतली होती. मी "दाबते" म्हटलं की तिकडे तिच्या बांगड्या किणकिणायच्या, कारण ती दोन्ही हात जमिनीला टेकवून दाबायची. मला किती आनंद झाला होता! तिचा गुडघा तेव्हाही कुरकुरतच होता. जिना चढताना ती कठड्याला धरायची. मला वाटलं, माझ्या निमित्तानं का होईना, तिनं स्वतःकडे बघितलं. मी तिला सांगायची, श्वास रोखू नको, पावलं वर ओढ. ती शहाण्या मुलीसारखं ऐकायची. एक दिवस चुकला नाही तिचा. गिऱ्हाईक आलं तर, "थांब बाई जरा, पोरीचं चाललंय," असं म्हणायची. पोरीचं चाललंय. मी ते ऐकलं होतं, पण त्यावर विचार केला नाही.

परीक्षा मी दिली. एका हातात कुबडी, एका हातात मोजपट्टी. शेवटी शेवटी पाय थरथरत होता, पण मांडीनं सोडलं नाही. आप्पांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "बरं." परत येण्याबद्दल पुन्हा कधी बोलले नाहीत. खडी झाडून नेली गेली, झाडांना पानं आली. हळूहळू मी टॉवेल विसरले, म्हणजे विसरण्याइतकी बरी झाले.

मग पुढच्या दिवाळीला मी घरी गेले. दुकानाच्या दाराला एक उंच पायरी आहे. आई ती चढताना मी बघितलं. उजवा पाय टाकला, त्याच्यावर झटकन अंग उचललं, आणि डावा मागून ओढून घेतला. उजवा दमदार, डावा पाहुण्यासारखा.

"आई, डावा गुडघा अजून दुखतो?"

"दुखतो की. त्याला काय हुतंय."

"पण तू तर व्यायाम करत होतीस! रोज करत होतीस ना?"

"रोज करीत हुते. एक दिवस सोडला न्हाई."

मी तिला खाली सतरंजीवर बसवलं आणि फ्राऊ लिंडनर करायच्या तसा तिच्या मांडीवर हात ठेवला. "दाब." उजवी मांडी लाकडासारखी घट्ट झाली. मी हात डावीवर नेला. तिथे मऊ, भुसभुशीत, काहीच नाही. मला कळेना.

"डाव्या पायानं केलाच नाहीस तू?"

आईनं माझ्याकडे असं बघितलं, जसं मीच काही वेड्यासारखं विचारलं होतं.

"डाव्यानं कशाला? तुझा उजवा हुता न्हवं? मग मी उजवाच केला."

मी हसले. खूप हसले. आप्पाही गल्ल्यावरून हसले. मग हसताहसताच मी उठून मागच्या अंगणात गेले आणि तोंडावर पाणी मारलं.

कारण मला ते माहीत असायला हवं होतं. माझी दहावी मी दिली, पण त्यासाठी मंगळवारचे उपास आईनं केले. आप्पांना विषमज्वर झाला तेव्हा तिनं गोड सोडलं. मी इथे यायला विमानात बसले त्या दिवशी मी पोचल्याचा फोन येईपर्यंत तिनं पाणी घेतलं नव्हतं. आमच्याकडे हे असंच असतं. दुखणं एकाचं, सोसायचं दुसऱ्यानं, आणि ते कुठूनतरी पोचतं असा विश्वास. तिनं तो व्यायामही तसाच धरला होता. टॉवेलच्या ऐवजी लुगडं, अंगणातल्या तुळशीच्या ऐवजी फोन. पोरीचा उजवा पाय, म्हणून आपला उजवा पाय. स्वतःचा दुखरा गुडघा बाजूला ठेवून तिनं एक धडधाकट पाय रोज दाबला.

मी शिकलेली आहे. इथे लावलेला जोर तिथे पोचत नाही, हे मला नीट समजतं. माझी मांडी माझ्याच व्यायामानं भरली. तरीही खरं सांगायचं तर त्या अंधाऱ्या सकाळी पाय हलत नसताना मी व्यायाम सोडला नाही, याचं कारण माझा निश्चय नव्हता. समोर खुर्चीवर एक फोन होता आणि त्यात कुणीतरी पाय लांब करून माझ्या "दाबते"ची वाट बघत बसलेलं होतं. मग काही पोचलंच नाही, असं मी कसं म्हणू? मला याचं उत्तर अजून नीट मांडता येत नाही.

त्या दिवाळीत मी तिला डाव्या पायाचा व्यायाम शिकवला. डॉक्टरांकडेही नेलं. ते म्हणाले, गुडघा झिजलाय, तो काही नवा होणार नाही. पण मांडीत ताकद आली तर भार हलका होईल, निदान चौरंगावर बसता-उठता येईल. आई सगळ्याला "हां, हां" म्हणाली. मी बर्लिनला परतले आणि तिनं सोडून दिलं. विचारलं की म्हणायची, वेळ न्हाई. लग्नसराई हाय. माल आलाय. मग एकदा खरं बोलली, "माझं काय आता. तू बरी हायस न्हवं?"

स्वतःसाठी उपास धरायची तिला सवय नाही. कुणीही कधी शिकवलेलंच नाही.

या वर्षी खडी पडली तेव्हा मी पुन्हा परीक्षेच्या पुस्तकांत होते. पूजाचा निरोप आला होता. तिच्या बारशाला आईनंच तिच्या हातात मनगट्या घातल्या होत्या, आणि आता चुडाही आईनंच भरावा असं तिला वाटत होतं. "काकूला सांग ना मला चौरंग चालेल, टेबल चालेल, काहीही चालेल," तिनं मला लिहिलं. तिची काकू म्हणजे माझी आई. मी ते आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, "पोर येडी हाय," आणि बराच वेळ बांगड्यांचे ओवलेले तोडे एकावर एक रचत राहिली. रचलेलेच पुन्हा रचत होती.

रविवारी सकाळी मी फोन जुन्या खुर्चीवर, जुन्या जागी उभा केला. केतकी आता म्युनिकला नोकरीला गेली, पण तिचा निळा टॉवेल माझ्याकडे राहिलाय. त्याची गुंडाळी केली आणि डाव्या गुडघ्याखाली घेतली. फोन लावला. काही न बोलता दाबायला सुरुवात केली.

"हे काय?" आई एकदम पुढे वाकली. "आन् डाव्याला काय झालं? पडलीस का पुन्हा? अहो, इकडं या, ही पुन्हा पडलीय!"

"पडले नाही. माझा पाय बरा आहे."

"मग?"

"हा तुझा डावा आहे. तुझ्या गुडघ्यासाठी मी करतेय. आता रोज करणार. तू राहू दे, तुला लग्नसराई आहे."

पडद्यावर आईचं तोंड अगदी जवळ, भुवया वर.

"येडी का खुळी तू? परीक्षा हाय न्हवं तुझी? तू तिथं दाबून माझा गुडघा इथं बरा हुतो व्हय?"

बोलली आणि थांबली. माझीही मान खाली गेली, कारण मला हसायचं नव्हतं.

मागून आप्पा म्हणाले, "आता कळलं?"

"तुम्ही गप बसा हो."

"मी कुठं काय म्हणालो?"

पडदा हलला. छत दिसलं, मग कपाटाची कड, मग लाल-हिरव्या बांगड्यांची रांग. आईनं फोन कशालातरी टेकवून ठेवला होता. ती खुर्चीवरून उठली. एक हात कपाटाला लावून, दुसऱ्या हातानं आप्पांचा हात धरून, अगदी सावकाश खाली सतरंजीवर बसली. बसताना तोंड वाकडं झालं तिचं. मग खालच्या खणातून लुगड्याची ती जुनी गुंडाळी निघाली. ती तिनं उजव्या गुडघ्यापाशी नेली, जरा थांबली, आणि डाव्या गुडघ्याखाली सरकवली.

"किती दाबू?"

"बांगडी चढवताना अंगठा दाबतेस तेवढाच. आणि श्वास सैल सोड."

"मला नको शिकवू," ती म्हणाली, आणि दोन्ही हात जमिनीला टेकवले. बांगड्या वाजल्या. मीही इकडे दाबला. तिचा पाय नेसत्या लुगड्याआड होता, त्यामुळे मांडीत काही हललं की नाही हे मला दिसत नव्हतं. मग तिनं एक हात उचलून मांडीवर, गुडघ्याच्या जरा वर, आतल्या बाजूला ठेवला आणि मान कलती करून बसली, नवरीच्या हातात चुडा चढताना बसते तशी.

खिडकीखालून कुणीतरी खडीवरून चालत गेलं. मी म्हटलं, "बास आता, सोड हळूच."

"थांब की जरा," आई म्हणाली. "आत्ता कुठं धरलंय."